उपनगरातलं घर आणि हेलपाट्यांचा हिशेब

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर लगेच कळेल. तुम्ही दोघंही नोकरी करता. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. तुमच्या आई ७१ वर्षांच्या, गुडघे दुखतात, गाडी चालवत नाहीत. तुम्ही तीन उपनगरं पाहून ठेवली आहेत. पहिलं शहराला लागून, जुनं, तिथे मिळणारं घर लहान. दुसरं मधल्या अंतरावरचं, कशातच पहिलं नाही आणि कशातच वाईटही नाही. तिसरं लांब आणि नवीन; तिथे घर मोठं, पुढे-मागे मोकळी जागा, शांतता. शाळा, सुरक्षितता, घराचा आकार, झाडी, कामाचं अंतर अशा अकरा गोष्टींना गुण देऊन तुम्ही तक्ता केलात आणि त्यात तिसरं बरंच पुढे निघालं. तरी मन घेत नाही, म्हणून विचारताय की कुटुंबासाठी योग्य कोणतं.

तक्ता मनापासून केलाय, हे दिसतंय. पण माझी नजर अडकली ती तुम्ही कंसात टाकलेल्या एका वाक्यावर: ‘पत्नी आठवड्यातून तीन दिवस घरून काम करते, त्यामुळे तिला अंतराचा प्रश्न नाही.’

गेली एकोणीस वर्षं मी कुटुंबांना घर आणि भाग निवडायला मदत करते. हे वाक्य थोड्याफार फरकाने मी इतक्यांदा ऐकलंय, की आता ते आलं की मी वही बाजूला ठेवते आणि घरातल्या दुसऱ्या माणसाशी बोलायला मागते. कारण घरून काम करणाऱ्याला कचेरीचं अंतर नसतं, बाकी सगळी अंतरं त्याच्याच वाट्याला येतात. मुलाला दुपारी आणायचं, मुलीला शिकवणीला सोडायचं, आईंना डॉक्टरांकडे न्यायचं, एखादी वस्तू संपली की आणायची. ‘तू घरीच आहेस ना’ हे चार शब्द कोणी मोठ्याने म्हणत नाही, पण वेळापत्रक त्यांच्यावरच उभं राहतं.

म्हणून तुमचा प्रश्न मी असा वाचते: या तीन जागांपैकी कोणत्या जागी घरातला प्रत्येक माणूस दुसऱ्याला त्रास न देता आपापली कामं करू शकेल? उपनगर म्हटलं की अंतर आलंच. ते कापणार कोण, हे आधी ठरवावं लागतं. तुमच्या तक्त्यात त्यासाठी रकानाच नाही.

आता, मला इथे बसून कळू न शकणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. तिसऱ्या भागात बस किंवा रेल्वे किती वेळाने येते, तुमच्याकडे दुसरी गाडी आहे का, पत्नीच्या कामात मधेच तासभर उठता येतं का, आईंचे गुडघे पुढे किती साथ देतील. यातल्या एखाद्या उत्तरानेही माझं मत फिरू शकतं. त्यामुळे मी निकाल देण्यापेक्षा निकालापर्यंत कशी जाते ते सांगते.

पहिलं काम कागदावरचं. मागचा आठवडा घ्या. जसा गेला तसा घ्या, नव्या घरी जसा जाईल असं वाटतं तो नको. घराबाहेर पडण्याची प्रत्येक वेळ लिहा: कोण गेलं, कुठे, किती वाजता, आणि त्याला कोणी नेलं की ते आपलं आपण गेलं. मग प्रत्येक ओळीसमोर तीन उपनगरांसाठी तीन अक्षरं. आपलं आपण जाता येईल तिथे ‘स्व’. कोणी न्यावं लागेल तिथे नेणाऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर.

काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाबरोबर हे करायला बसले होते. तेही तुमच्यासारखंच, मोठ्या घरावर जीव जडलेलं. आठवड्याच्या ४३ ओळी झाल्या. राहत्या जागेत ‘स्व’ २७ वेळा होतं. आजोबा वाचनालयात चालत जात, मोठा मुलगा मैदानावर. नव्या जागेच्या रकान्यात ‘स्व’ नऊवर आलं आणि एकच अक्षर खाली खाली येत राहिलं. ते अक्षर जिचं होतं तिने पेन टेबलावर ठेवलं आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, “म्हणजे मी ड्रायव्हर.” त्यांनी घर रद्द केलं नाही, हेही सांगते. त्याच उपनगरात बसथांब्याजवळचं, थोडं लहान घर घेतलं आणि दोन शिकवण्या बदलल्या. पण हे कळलं ते घर घ्यायच्या आधी.

तुमच्या यादीत कामाच्या अंतराला अकरापैकी एका गोष्टीइतकंच वजन आहे. मी त्याला जास्त देते, आणि त्यामागे नुसता अनुभव नाही. चेझारे मार्केटी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ साली मांडलं होतं की वेगवेगळ्या काळांत आणि समाजांत माणूस दिवसाकाठी सरासरी तासभरच प्रवास करत आलाय. वाहन वेगवान झालं की वेळ वाचत नाही, वस्ती लांब पसरते. माझ्याकडे येणाऱ्या लोकांतही हेच दिसतं. जाऊन-येऊन तासाच्या आत असलं की प्रवासाचा विषय निघत नाही. दीड तासाच्या पुढे गेलं की वर्षभरात तो प्रत्येक भांडणात असतो. डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी २००४ साली टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांकडून आदल्या दिवसाचा प्रसंगाप्रसंगाने हिशेब घेतला, तेव्हा दिवसातली सगळ्यात नकोशी वेळ निघाली सकाळची कामावर जायची. मोठ्या घराची सवय होते. खोल्या मोजणं महिन्याभरात थांबतं. रोजच्या खोळंब्याची सवय होत नाही, कारण तो रोज वेगळा असतो.

हे शेवटचं नीट लक्षात घ्या. रोज ठरलेली ५० मिनिटं माणूस निभावतो. कधी ३५ आणि कधी ८०, हे निभत नाही. कारण मग रोज ८० धरूनच निघावं लागतं आणि पाळणाघर बंद व्हायच्या वेळेला छातीत धडधड ठरलेली. तेव्हा नकाशाच्या अॅपवर रविवारी दुपारचा वेळ बघू नका. निघण्याची वेळ कामाच्या दिवशीची सकाळ अशी घाला, तो कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन आकडे दाखवतो. त्यातला मोठा आकडा तक्त्यात लिहा.

जाता जाता एक बारीकशी गोष्ट, जी कोणी सांगत नाही. घर कामाच्या ठिकाणापेक्षा पश्चिमेला असेल तर सकाळी पूर्वेकडे आणि संध्याकाळी पश्चिमेकडे गाडी चालवायची, म्हणजे दोन्ही वेळा सूर्य डोळ्यांत. घर पूर्वेला असेल तर दोन्ही वेळा पाठीशी. एवढ्यावरून घर ठरवू नये, पण दोन जागा अगदी बरोबरीच्या असतील तर मी हे बघते.

आता आई आणि मुलं, म्हणजे गाडी न चालवणारे. तुमच्या पाच जणांच्या घरात असे तिघं आहेत, बहुमत त्यांचंच! एखादा भाग त्यांच्यासाठी कसा आहे हे कळतं ते पायी. क्लॅरन्स पेरी या अमेरिकी नियोजनकाराने १९२९ साली आदर्श वसाहतीचा आराखडा मांडला. मध्यभागी प्राथमिक शाळा, घरापासून शाळा साधारण पाव मैलावर, म्हणजे ४०० मीटर, आणि मोठी वाहतूक वसाहतीच्या कडेने. शंभर वर्षं होत आली, तरी माझ्या कामात ४०० मीटर हे माप अजून चालतं. धडधाकट माणसाला पाच मिनिटं, गुडघे दुखणाऱ्याला दहा, आणि त्यापुढे माणूस ‘उद्या बघू’ म्हणतो.

फक्त हे ४०० मीटर पावलांनी मोजा, नकाशावर पट्टी ठेवून नको. नव्या उपनगरांत रस्ते झाडाच्या फांद्यांसारखे काढलेले असतात, टोकाला बंद. त्यामुळे गाड्यांची ये-जा कमी होते हे खरं, पण पायी जाणाऱ्याची कोंडी होते. एकदा मी एका घराच्या मागच्या खिडकीत उभी होते. समोर कुंपण, कुंपणापलीकडे बाग, बागेत झोपाळे, झोपाळ्यावर मुलं. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. घर दाखवणारा म्हणाला, “बाग अगदी मागेच.” मी खाली उतरून पायांनी गेले. घराच्या दारातून गल्लीच्या तोंडापर्यंत, तिथून मोठ्या रस्त्याने, वळसा घालून बागेच्या फाटकापर्यंत. बावीस मिनिटं लागली, त्यातला निम्मा रस्ता पदपथाविना. कुंपणात एक लहानसं दार असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. तेव्हापासून मी ‘मागेच’, ‘जवळच’, ‘समोरच’ हे शब्द ऐकले की बूट घालते.

मुलीच्या बाबतीत आजचा विचार पुरणार नाही. ती नऊ वर्षांची आहे, म्हणजे तीन-चार वर्षांत तिला तुमच्यावाचून बाहेर पडायचं असेल, आणि पडता आलं पाहिजे. इंग्लंडमध्ये १९७१ साली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्या माणसाशिवाय शाळेत जात होती. १९९० पर्यंत हे प्रमाण ९ टक्क्यांवर आलं. पालक एकाएकी भित्रे झाले असं नव्हे. गाड्या वाढल्या, म्हणून मुलांना घरात ठेवलं. मग मुलांना न्यायला गाड्या आणखी वाढल्या. तिसऱ्या उपनगरात मुलगी तेरा वर्षांची झाल्यावर मैत्रिणीकडे कशी जाईल, याचं उत्तर ‘आम्ही सोडू’ असं असेल, तर मगाशी सांगितलेल्या कागदावर आणखी एक अक्षर वाढवा.

आईंसाठी मी तीन गोष्टी बघते: वाटेत बसायला जागा, पदपथाची उंची, आणि रस्ता ओलांडायला मिळणारा वेळ. पादचाऱ्यांचे सिग्नल बऱ्याच ठिकाणी सेकंदाला १.२ मीटर चालण्याच्या हिशेबाने लावलेले असतात. गुडघे दुखणारी सत्तरीतली व्यक्ती बहुधा त्याहून हळू चालते. म्हणजे १२ मीटरचा रस्ता ती पार करेपर्यंत दिवा बदललेला असतो. एकदा असं झालं की त्या पुन्हा एकट्या जात नाहीत, आणि कारणही सांगत नाहीत. ‘नाही, आज कंटाळा आलाय’ म्हणतात.

शेजाराबद्दल तुम्ही ‘लोक कसे आहेत हे आधी कसं ओळखावं’ असं विचारलंय. लोक ओळखता येत नाहीत, रस्ता ओळखता येतो. शहररचनाकार डोनाल्ड अॅपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोमधल्या तीन सारख्याच दिसणाऱ्या रस्त्यांची पाहणी केली होती, ती १९७२ साली प्रसिद्ध झाली. एका रस्त्यावर दिवसाला सुमारे २,००० गाड्या, दुसऱ्यावर ८,०००, तिसऱ्यावर १६,०००. कमी वर्दळीच्या रस्त्यावर माणसामागे सरासरी तीन मित्र राहत होते, जास्त वर्दळीच्या रस्त्यावर एकसुद्धा पुरता नाही. म्हणून मी शेजाऱ्यांची चौकशी करत बसत नाही. संध्याकाळी सहाला त्या गल्लीत दहा मिनिटं उभी राहते आणि जाणाऱ्या गाड्या मोजते. वेगही बघते. गाडी ताशी ३० ऐवजी ५० ने आली तर आघाताची ऊर्जा जवळजवळ पावणेतीन पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. तुमचा चार वर्षांचा मुलगा चेंडूमागे धावणार, हे गृहीत धरायचं.

इथवरचं थोडक्यात: आठवड्याचा कागद, प्रवासाचा मोठा आकडा, पायी ४०० मीटर, आणि गल्लीतल्या गाड्या. यात तुमच्या तक्त्यातले गुण बरेच हलतील. उरलेल्यापैकी दोन गोष्टी अशा, की त्या चुकल्या तर बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही.

एक शाळा. शाळा चांगली आहे का, यापेक्षा या घरातून तिथे प्रवेश मिळतो का, हे आधी विचारा, आणि उत्तर शाळेकडून किंवा स्थानिक शिक्षण खात्याकडून घ्या, घर विकणाऱ्याकडून नको. प्रवेशाच्या हद्दी बदलतात. शिवाय नवीन उपनगरात आणखी एक घोळ असतो: सगळी घरं एकदम बांधलेली, त्यामुळे सगळी कुटुंबं एकाच वयाची येतात. पहिली काही वर्षं प्राथमिक वर्गांत जागा नसते, मग तोच लोंढा माध्यमिक शाळेवर जातो. तुमचा मुलगा नेमका त्या लोंढ्यात सापडेल. जुन्या उपनगरात वयं मिसळलेली असतात. तिथे आईंना त्यांच्या वयाचं कोणी भेटण्याची शक्यताही जास्त.

दुसरी गोष्ट पाणी, म्हणजे पूर. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ हे शब्द ऐकून लोक निश्चिंत होतात. त्याचा अर्थ दर वर्षी शंभरात एक शक्यता. तीस वर्षं त्या घरात राहिलात तर असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के होते, चारात एक. पूररेषेचा नकाशा बघा, आणि जोराचा पाऊस चालू असताना एकदा तिथे जा. पाणी कुठे साचतं ते घरमालक सांगणार नाही, रस्ता सांगेल.

हिरवळ, दुकानं, सौंदर्य याबद्दल मी फार लिहीत नाही. ते तुम्हाला डोळ्यांनी दिसतंच. एवढंच, की घरासमोरची मोकळी जमीन ही कोणाच्या तरी मालकीची असते आणि तिचं पुढे काय होणार हे विकास आराखड्यात लिहिलेलं असतं. तो बघायला अर्धा दिवस लागतो. ‘समोर काही होणार नाही’ या तोंडी आश्वासनावर मी स्वतः एकदा घर घेतलं होतं. अडीच वर्षांनी समोर गोदाम उभं राहिलं आणि पहाटे चारला मालमोटारी मागे घेतानाची ती पिप-पिप मला अजून झोपेत ऐकू येते.

आता तुमच्यापुरतं माझं मत. तुम्ही दिलेल्या माहितीवर मी दुसऱ्या उपनगराकडे झुकते, आणि ते ‘मधलं’ म्हणून नाही. तुम्ही स्वतःच लिहिलंय की तिथे रेल्वेस्थानक आहे आणि स्थानकाजवळ दवाखाना, वाचनालय, दुकानं आहेत. म्हणजे स्थानकापासून दहा मिनिटांच्या आत घर मिळालं, तर आई आणि थोड्याच वर्षांत मुलगीही ‘स्व’मध्ये येतात. त्याच उपनगरात स्थानकापासून चार किलोमीटरवर घर घेतलंत, तर नाव दुसऱ्याचं आणि आयुष्य तिसऱ्याचं. उपनगराच्या नावापेक्षा त्यातली गल्ली महत्त्वाची, हे मी दर खेपेला सांगते आणि दर खेपेला लोक नावच विचारतात.

तिसरं वाईट नाही. ज्यांचं दोघांचंही काम त्याच बाजूला आहे, किंवा ज्यांना घरातच पसारा मांडून काही करायचं असतं, सुतारकाम, मोठी बाग, कुत्री, त्यांना मी तिथे आनंदाने पाठवलंय आणि ती माणसं वीस-वीस वर्षं तिथे रमली आहेत. मोठ्या घराची ओढ खोटी नसते. चार वर्षांच्या मुलासह लहान घरात दोघांनी काम करणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. पण तुमच्या पत्रात घरात काय करायचंय याबद्दल एकही ओळ नाही, बाहेर कुठे कुठे जायचंय याच्या सतरा ओळी आहेत.

तरीही तिसऱ्यावर मन असेल तर विकत घेण्याआधी सहा महिने तिथे भाड्याने राहून बघा. त्यात पावसाळा किंवा हिवाळा, जो तुमच्याकडे त्रासाचा असेल तो, धरा. ते जमत नसेल तर निदान एक दिवस नाटक करा. कामाच्या दिवशी सकाळी सव्वासातला सगळे त्या घराच्या दारात उभे राहा आणि तिथून दिवस सुरू करा: शाळा, कामं, दुपारचं आणणं, संध्याकाळची शिकवणी, रात्री परत त्याच दारात. त्या दिवशी गाडी मात्र पत्नी चालवेल, आणि मागच्या सीटवर तुम्ही बसा.

आणि आईंना तिन्ही ठिकाणी घेऊन जा. आतापर्यंत त्यांना घरं गाडीतून दाखवली असणार. या वेळी घराच्या दारात उतरवा, सगळ्यात जवळच्या दुकानाचं नाव सांगा आणि म्हणा, “तुम्ही जाऊन या, आम्ही इथे थांबतो.” त्या किती वेळाने परत येतात आणि आल्यावर आधी काय बोलतात, ते लिहून ठेवा.